शेंदऱ्यावरची सोळा कलमं

भादव्याचं ऊन पडायला लागलं की माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला कसंतरी होतं. ते दुखत नाही आणि मुंग्याही येत नाहीत. कुणीतरी त्यावर हळूहळू सुतळी गुंडाळतंय असं वाटत राहतं. डॉक्टरला सांगितलं तर तो आधी वय विचारतो, आणि वय ऐकलं की सगळं कळल्यासारखी मान हलवतो. मीही मग गोळ्या घेऊन घरी येते.

दुर्गजवळ बोरसीला मुलाकडे राहते. परवा दारावर रोपवाल्याचा ठेला आला. पुढे गुलाब, मोगरा, कढीपत्ता, आणि मागे काळ्या पिशव्यांमध्ये आंब्याची कलमं. नात धावत खाली गेली. "आजी, ये वाला ले लें? बोल रहे हैं, तीन साल में आम देगा." मी चष्मा लावून वाकले. जात विचारली नाही, आधी सांधा पाहिला. सांध्यावर प्लास्टिकची पट्टी होती, ती नखाने दाबली. "आजी, क्या चेक कर रही हो?" "सैल आहे का ते पाहून राहिली," मी म्हणाले. ठेलेवाला हसला. मी कलम घेऊ दिलं नाही आणि नातीने दिवसभर तोंड फुगवलं.

झाडांवर हळवं होऊन लिहिणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे. झाड मुकाट्याने सगळं सोसतं, सावली देतं, शिकवतं वगैरे. मला झाडांनी काही शिकवलं नाही. एका पावसाळ्यात त्यांनी आम्हाला फसवलं एवढंच मी सांगू शकते, आणि त्यातही दोष झाडांचा नव्हता.

तो पावसाळा भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाचा. अजून शहर असं नव्हतंच. लाल मुरमाचे रस्ते, टिनाच्या खोल्यांच्या रांगा, आणि लांब माळावर लोखंडाचे सांगाडे. पाऊस उघडला की चिखलातून वाफ निघायची आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या लुगड्यावर गेरूचे ठिपके पडायचे. दिवसभर रिव्हेट ठोकल्याचा आवाज. तो थांबला की बायका दचकून दाराशी यायच्या, कारण आवाज थांबणं चांगलं नसायचं.

असाच तो उन्हाळ्यात एकदा थांबला होता. आमचे हे खलाशी होते. जहाजावरचे नव्हेत, कारखान्यात जड तुळया, खांब दोरांनी बांधून वर चढवणाऱ्यांना खलाशी म्हणत. नाव घ्यायची तेव्हा सवय नव्हती. आता घेते, रागवायला कोण आहे? नामदेव. ते आणि दशरथभाऊ एकाच गावचे, भंडाऱ्याकडचे, आधी रेल्वेच्या पुलांवर एकत्र काम केलेले, दीक्षाही एकाच दिवशी एकाच मैदानात घेतलेले. त्या दिवशी एका तुळईचं एक टोक नामदेवांनी बांधलं आणि दुसरं दशरथभाऊंनी. तुळई अर्ध्यावर गेली आणि गाठ सुटली. दशरथभाऊ खाली होते. नामदेव ओढायला धावले, तर त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, आणि दशरथभाऊ तर जागीच गेले. कोणत्या टोकाची गाठ सुटली ते कुणालाच कळलं नाही, कारण खाली आल्यावर सगळा गुंताच झाला होता. चौकशी झाली, कागद झाले, ते बंदही झाले. नामदेवांच्या डोक्यात मात्र ती चौकशी रोज सकाळी पुन्हा सुरू व्हायची. घरात ते माठाला, पेटीला, दाराच्या कडीला, जिथे गरज नाही तिथेही दोरी बांधत बसत. डाव्या हाताने आणि दातांनी. मी मागून सोडवत असे, नाहीतर पाणी कसं प्यायचं?

ठेकेदाराने हात असा झालेल्या माणसाला ठेवायचं नाकारलं. खोली त्याचीच होती, पावसाळा संपेपर्यंत राहा म्हणाला, हे त्याचे उपकारच. आणि त्याच सुमारास कुणीतरी बगिच्याची बातमी आणली.

बगिचा एका जुन्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा. मालगुजार केव्हाच संपलेला, गाव कारखान्याच्या हद्दीत येऊन उठलेलं, बाग तेवढी काठावर राहून गेली होती. विटांची कमान, पायऱ्यांची विहीर, मोटेचं दगडी थारोळं, चुन्याचे पाट, आणि नऊ जुने आंबे. सगळ्यावर घाणेरी माजलेली. कुणा भल्या माणसाच्या मनात आलं की ही बाग होती तशी पुन्हा उभी करावी आणि त्या निमित्ताने दोन तऱ्हेच्या माणसांना हाताला काम शिकवावं: ज्यांच्या जमिनी कारखान्यात गेल्या ते, आणि ज्यांचे हातपाय गेले ते. कमानीवर भलंमोठं नाव रंगवलं होतं. ते वाचता येणारे आमच्यात दोघेच होते. आम्ही बगिचाच म्हणायचो.

तिथले साहेब नागपूरकडचे, शेतकी शिकलेले, वयस्क, मऊ आवाजाचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं. प्रत्येकाने आंब्याची सोळा कलमं बांधायची. आश्विनात तोडल्यावर त्यातली बारा जगली तर माळ्याची पक्की नोकरी, राहायला क्वार्टर. नवीन वसाहतीत रस्त्यारस्त्याला झाडं लावायची होती, माणसं हवीच होती. नामदेव घरी आले ते सांगत, "सुभद्रे, सोळा गाठीचंच काम आहे. आपल्याले गाठ शिकवते कोन?"

त्या रात्री त्यांनी कशालाही दोरी बांधली नाही. मला वाटलं, सुटलो.

भेटकलम कसं करतात ते शहरातल्या माणसाला माहीत नसतं, म्हणून सांगते. कुंडीत कोयीपासून उगवलेलं रोप घ्यायचं आणि ते जुन्या झाडाच्या फांदीपाशी उचलून न्यायचं. रोपाची साल थोडी काढायची, फांदीची तेवढीच काढायची, आणि दोन्ही जखमा एकमेकींना लावून बांधून टाकायच्या. दोन-अडीच महिने ती तशीच एकमेकींना धरून राहतात. मग फांदी जुन्या झाडापासून हळूहळू, तीन वेळा थोडी थोडी करून कापायची. जखम भरलेली असेल तर फांदी रोपाच्या मुळांवर जगते. भरली नसेल तर कळतं ते कापल्यावरच. तोवर फांदीला जुनं झाड पाजत असतं आणि रोपाला कुंडी, दोन्ही हिरवीगार.

आमच्या वाट्याला शेंदऱ्या आला. खांद्यावर लाली चढणारं फळ, म्हणून शेंदऱ्या. फांद्या उंच होत्या, कुंड्या तिथवर न्यायला मचाण हवं. ते मचाण नामदेवांनी बांधलं. मी त्यांना तसं काम करताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, बायकांना कामावर कोण जाऊ देतं? बांबू उभे, आडवे, तिरपे, डाव्या हाताने दोर फिरवायचा, दातांत धरायचा, पायाने दाबायचा. संध्याकाळपर्यंत झाडाभोवती तीन मजले उभे राहिले. साहेबांनी वर चढून उड्या मारून पाहिल्या. बाकीचे शिकाऊ येऊन बघून गेले, काहींनी आपली मचाणं त्यांच्याकडून बांधून घेतली. नामदेव घरी येताना मोठमोठ्याने बोलत होते. सबंध त्या पावसाळ्यातला तेवढाच एक दिवस मला कुणी परत दिला तर घेईन.

कलम बांधताना दोन हात लागतात, आणि दहा बोटं. म्हणून साहेबांनी मला सोबत येऊ दिलं. शिकवायला सुखरू बबा होते. मरार, म्हणजे पिढीजात भाजीपाला-बागेचं काम करणारे. शेंदऱ्या त्यांच्या आज्याने लावलेला. त्यांचं घर, वाडी, विहीर कारखान्यात गेली होती, आणि आता ते त्याच मालगुजाराच्या बागेत आमच्यासारख्यांना पट्टी कशी गुंडाळावी ते दाखवत होते. बोलणं छत्तीसगढी, आमचं भंडाऱ्याचं, मधे तुटकी हिंदी. जमायचं.

बबा केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडावरच्या सालीच्या, भिजवलेल्या पट्ट्या वापरत. सोपट मऊ, झाड जाडावलं तर तेही ताणतं, शेवटी कुजून गळून जातं. नामदेवांनी ती पट्टी हातात घेतली, ताणली, तुटली. त्यांनी ती खाली टाकली. दुसऱ्या दिवशी घरून मेण लावलेली सुतळी घेऊन आले. पावसात सुतळी आणखी आवळते हे खलाशाला पक्कं माहीत असतं, आणि त्याला ते आवडतं.

बबांनी नामदेवांशी वाद घातला नाही. मला बाजूला घेतलं. "नोनी, जादा झन कसव. पेड घलो सांस लेथे." पोरी, फार आवळू नको, झाडही श्वास घेतं. मग त्यांनी माझं बोट धरून दाखवलं. सुतळीच्या वेढ्याखाली हे बोट ठेवायचं, बांधून झालं की हळूच ओढून घ्यायचं. बोटाएवढी जागा राहते. नवऱ्याला कळायचं कारण नाही.

पहिली दोन कलमं मी तशी बांधू दिली. नामदेवांनी दातांनी ओढलं, माझं बोट पांढरं पडलं, गाठ बसली, मी बोट काढलं. वरून शेणमाती लिंपली. तिसऱ्याला त्यांनी पाहिलं.

"बोट काढ."

"बबा म्हनते, थोडी ढील..."

"बोट काढ, सुभद्रे. कावून ठेवून राहिली मधात?" आवाज चढला नव्हता. मचाणावर आम्ही दोघंच, खाली बबा कुंड्यांना पाणी घालत होते. "दशरथच्या टोकाले कोनी ढील देल्ली असंन? का माह्या टोकाले? मले मालूम नाही. मले मरेपर्यंत मालूम होनार नाही. पन आता माह्या हातची गाठ सुटनार नाही, एवढं तं माह्या हातात आहे का नाही?"

मी बोट काढलं. राहिलेली चौदा कलमं त्यांनी बांधली आणि मी नुसती धरली.

श्रावण त्यात गेला. संध्याकाळी टिनाच्या शेडमधल्या विहारात वर्षावासाचं, पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं, वाचन असायचं. वाचणारा रेल्वेतला एक गँगमन होता, अडखळत वाचायचा, आणि आम्ही बायका मागे बसून ऐकायचो. तिथेच मी पाटीवर अक्षरं गिरवायला लागले. शेवटी उभं राहून पंचशील. खोटं बोलणार नाही, हे मी रोज मोठ्याने म्हणत होते. नवा धर्म होता, नवीन कपड्यासारखा जपून वापरायचो.

भादव्यात झाड जाड होतं. सुतळी सालीत रुतायला लागली, मला दिसत होतं. दुपारी आम्ही डबा खायला उतरलो की बबा मचाणावर चढत आणि नखाने एकेक गाठ जराशी सैल करत. नामदेव वर गेले की त्यांना तात्काळ कळायचं. ते पुन्हा आवळायचे. ह्याच कारणाने त्यांनी चौदांवर शेणमाती लिंपली नव्हती, रोज तपासता यावं म्हणून. दोन म्हातारे-अर्धम्हातारे पुरुष, एकमेकांशी एक शब्द न बोलता, आठ-दहा दिवस हे करत राहिले. मग एका दुपारी बबा चढले नाहीत. विहिरीच्या पायरीवर बसून तंबाखू मळत राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी हात उडवला. घर गेलं, वाडी गेली, त्यात चौदा कलमं म्हणजे काय मोठं, असं त्यांना वाटलं असेल. मला राग आला होता. स्वतःचा यायला हवा होता, पण मला त्यांचा आला.

आणि तरी कलमं हिरवी होती. हेच ते फसवणं. लाल कोवळी पालवी फुटली, मग ती पोपटी झाली, मग गडद. रस्त्याने जाणारी माणसं कमानीपाशी थांबून बघायची. मीही त्या हिरव्याला भुलले. मनाला सांगितलं, बबा जुन्या पद्धतीचे आहेत, सुतळीनेही होत असेल. क्वार्टरमध्ये चूल कुठे, माठ कुठे, ते ठरवून ठेवलं. अंगणात काय लावायचं तेही. आंबा नाही, आंब्याला जागा फार लागते.

आश्विनात कापणी सुरू झाली. पहिल्यांदा एक तृतीयांश काप, आठ दिवसांनी दुसरा. हिरवीच. तिसऱ्या कापाला फांद्या शेंदऱ्यापासून पूर्ण सुटल्या आणि कुंड्या मचाणावरून उतरवून विहिरीजवळ सावलीत ओळीने मांडल्या. चौथ्या दिवशी पानं कडेने मुडपली. सहाव्या दिवशी ती वाजायला लागली. सोळांपैकी दोन जगली. बाकीच्या शिकाऊंची तेरा-चौदा जगली होती. कोसानाल्याकडच्या एका लंगड्या माणसाची तर सोळाच्या सोळा.

कोणती दोन, ते सांगायला नको. नामदेव त्या दोन कुंड्यांपुढे उकिडवे बसले. "पाह्य," ते म्हणाले, "या दोन कशा बसल्या. पहिल्या दिवशी हातात जोर होता. मंग थकलो मी."

मी त्या दोन कुंड्यांना पाणी घातलं.

नंतर आम्हाला खोली सोडावी लागली. दुर्गला येऊन राहिलो. मी रेजा म्हणून विटा वाहिल्या, अक्षरं पक्की केली, पुढे बालवाडीत बाई झाले. नामदेव स्टेशनाबाहेर सायकलस्टँडवर बसत. लोक म्हणत, ह्यांच्याकडे ठेवलेली सायकल कधी जात नाही. ते खरं होतं. तीस वर्षं ते तिथे बसले आणि तिथेच एका दुपारी गेले. बगिच्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही. ती वसाहत आता केवढी वाढली, झाडं तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आभाळ झाकतात, कुणीतरी ती लावलीच ना. ऑटोतून जाताना मी त्यांच्याकडे बघत नाही.

बगिच्यातल्या शेवटच्या दिवशी मी जे बोलले, त्याची मी आयुष्यभर कारणं शोधली. साहेबांपुढे नवऱ्याला खोटं पाडायचं नसतं, हे एक. बोटाची गोष्ट सांगितली असती तर ती दोन कलमंही त्यांची राहिली नसती, माझी झाली असती, हे दुसरं. तिसरं असं की घट्ट बांधल्याने मरतं हे त्यांना कळलं असतं, तर जगायला त्यांच्या हातात काय उरलं असतं? ही तिन्ही कारणं चांगली आहेत. मुलांना सांगता येतील अशी आहेत. पण मला स्वतःला ती कधी पुरली नाहीत. मला वाटतं, मी थकले होते, आणि "हो" हा शब्द लहान असतो.

साहेबांनी आम्हाला विहिरीपाशी बोलावलं होतं. बबाही होते. साहेबांनी एक मेलेलं कलम हातात घेतलं, चाकूने सुतळी कापली आणि सांधा पुढे केला. सालीत खोल वळ पडला होता, जवळजवळ आरपार. आंधळ्यालाही बोटाने कळला असता.

"नामदेवराव," साहेब म्हणाले, "तुम्हाला काढायची माझी इच्छा नाही. कलम मरण्याला मी चूक म्हणत नाही. ते का मेलं हे माणसाला कळलं असेल, तर मी वर लिहितो की ह्यांना आणखी एक हंगाम द्या. मागच्या पडवीत राहायची सोय करतो. नीट पाहा. हे काय दिसतं?"

नामदेवांनी कलम डाव्या हातात घेतलं. उन्हात फिरवून पाहिलं. अंगठ्याने तो वळ चाचपला, दोनदा, तीनदा. खलाशी दोराचा घाव जसा वाचतो तसा त्यांनी तो वाचला.

"सुतळी घसरली, साहेब," ते म्हणाले. "वरून खाली सरकली, त्याचा हा घासा हाये. ढिल्ली राह्यली. पुढच्या बारीले मी याच्याहून घट्ट बांधीन. तारेनं बांधीन."

बबांनी मान वळवली. मग साहेब माझ्याकडे वळले, आणि मला स्पष्ट दिसलं की ते विचारत नाहीत, हात पुढे करताहेत.

"बाई, तुम्ही रोज सोबत होतात. तुम्ही सांगा. बांधणी सैल राहिली होती का?"

नामदेव माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत कलमं नव्हती, तुळई होती.

"हो, साहेब," मी म्हणाले. "सैलच राहिली."

साहेबांनी चाकू मिटला आणि कलम परत कुंडीत ठेवलं. आम्ही कमानीतून बाहेर आलो. रस्त्यावर नामदेवांनी माझ्या हातातला डबा घेतला, तसा ते कधी घेत नसत, आणि काही पावलं चालून गेल्यावर म्हणाले, "तू होती म्हनून बरं झालं. नाहीतं त्यायनं माह्या गाठीवरच ढकललं असतं."